धुरासाठी घडवलेला डोंगर

(दृश्य : अंधारात एकटं धुपाटणं. कॅमेरा पायथ्याकडून सावकाश वर.)

उंची 26 सेंटीमीटर. म्हणजे वीतभर, वर दोन बोटं. पायाशी पाण्यातून उसळून वर आलेले तीन ड्रॅगन. डोक्यावर त्यांनी वाडगा तोलून धरलाय. वाडग्यावर सोन्याच्या रेघांचे ढग, आणि ढगांच्या वर सुळक्यामागे सुळका असा चढत गेलेला डोंगर. हा डोंगर म्हणजे झाकण.

(दृश्य : झाकण, अगदी जवळून.)

ही कपार. हा दबकत निघालेला वाघ. तिथे जनावराच्या पाठीवर ऐटीत बसलेलं माकड, बोटाच्या पेराएवढंही नसेल. आणि हा धनुष्यवाला शिकारी, त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारं रानडुक्कर.

चीनच्या हेबेई प्रांतात, मानचंगच्या डोंगरात 1968 साली लष्कराचं काम चालू असताना एक थडगं सापडलं, हे धुपाटणं त्यातलंच. थडगं इसवी सनापूर्वी 113 साली वारलेला चोंगशानचा राजा लिऊ शंग याचं. जेडच्या 2,498 तुकड्यांचा, सोन्याच्या तारेनं शिवलेला त्याचा पोशाख जगभर गाजला. गाजू दे. आपला कॅमेरा मात्र या धुपाटण्यावरून हलणार नाही.

डोंगरच का? राजाचा सावत्र भाऊ, हान घराण्याचा सम्राट वू, याला अमर व्हायचं होतं. पूर्वेच्या समुद्रात पंगलाय नावाचं अमर सिद्धपुरुषांचं डोंगराळ बेट आहे म्हणतात, ते हुडकायला त्यानं माणसं धाडली. ती हात हलवत परत आली. डोंगराची धुपाटणी मात्र त्या काळात घडत राहिली.

पण कल्पनेइतकीच करामत जाळण्याची आहे. आधी सुगंधी गवत जाळायचे. ते आपलं आपण जळतं, त्याला उथळ भांडं पुरतं. मग दक्षिणेकडून राळ येऊ लागली. राळेला खाली निखारा लागतो, आणि निखारा धुमसत राहायला हवा बेताचीच मिळावी लागते. म्हणून वाडगा खोल झाला, झाकण उंच झालं. आणि भोकं? ती कारागिरानं सुळक्यांच्या आड लपवली. धूर सुटला की दरीतून धुकं वर यावं तसा सुटतो, आणि तो वाघ क्षणभर दिसेनासा होतो.

(दृश्य : सोन्याची तार, छिन्नी, हातोडी.)

आता हे सोनं. इथे मुलामा नाही, सोनं जडवलेलं आहे. काशात, म्हणजे ब्राँझमध्ये, आधी खोबण, तळाशी किंचित रुंद. तीत तार ठेवायची आणि ठोकायची. सोनं मऊ, खाली पसरतं आणि तिथेच अडकून बसतं. मग दगडानं घासायचं, कोळशानं उजळायचं, इतकं की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. वाडग्यावरची एकेक लहर अशी बसवलीय. बसवणाऱ्याचं नाव कुठेही नाही.

(दृश्य : गुळगुळीत, तपकिरी, उघड्या तोंडाचं पात्र. बाजूंना हत्तीच्या डोक्याच्या घाटाचे कान, म्हणजे मुठी.)

दीड हजार वर्षं पुढे. मिंग घराण्याचा सम्राट श्वानदे, राज्यकाळ 1426 ते 1435. परंपरा सांगते की सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, आलेलं तांबं त्यानं धुपाटण्यांसाठी बारा-बारा वेळा शुद्ध करून घेतलं. इथे डोंगर नाही, वाघ नाही, झाकणसुद्धा नाही. कारण आता रसिकांना धूर नको, नुसता वास हवा. निखारा राखेत पुरायचा, वर अभ्रकाचा पातळ पत्रा, त्यावर अगरू या सुगंधी लाकडाची ढलपी. ती जळत नाही, तापते. मग नक्षी उरली ती कानांत, घाटात आणि धातूच्या रंगात. तो रंग मंद आचेनं नि हातानं चोळून वर्षानुवर्षं जोपासायचे.

तळाशी श्वानदेची सहा अक्षरी मुद्रा. ती असलेली बहुतेक पात्रं पुढच्या शतकांतली आहेत, आणि लिलावांत त्यावरून वाद चालतात.

(दृश्य : पात्राच्या कुशीवर अरबी अक्षरं. मग पात्र उलटं.)

हे बघा. चौकटीत अरबी, अल्लाहचं स्मरण. चीनमधल्या मुसलमानांसाठी घडलेलं. अक्षरं अरबी, पण फटकारा चिनी कुंचल्याचा : एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता. आणि तळाशी चिनी सम्राटाची मुद्रा. इथेही कारागीर निनावीच.

(दृश्य : सोनेरी लाटा, त्यांत पंखांचे प्राणी. तळाची अक्षरं.)

आणि मग, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, हा माणूस सही करतो. हू वनमिंग, गाव युनच्येन, म्हणजे आजच्या शांघायमधलं सोंगच्यांग. जमीन तांब्याची गडद, तिच्यावर उठावाच्या लाटा, लाटांत उसळणारे सागरी प्राणी, आणि तेवढ्यांवरच सोनं. सोनं पाऱ्यात कालवून लावायचं, मग तापवायचं. पारा उडून जातो, सोनं राहतं. पाऱ्याची ती वाफ कारागिरांच्याच छातीत जायची.

त्याचा मुलगा हू ग्वांगयू यानंही आपल्या कामावर नाव घातलं. बापाच्या नावाला बाजारात इतका भाव आला, की दुसऱ्यांच्या हातची धुपाटणीही त्याच्याच सहीनं विकली गेली.