भोवंड आली? मग कानाचंही सांगा

श्रोतेहो, रामराम.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक बाई माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, मले भोवंड येते. अख्खं वावर फिरते." आठ महिन्यांत तिसऱ्यांदा. दोन-तीन तास गरगरणं, ओकाऱ्या, मग गावात सलाईन. बीपी, शुगर ठीक. मी विचारलं, मोबाईल कोणत्या कानाला लावता? "उजव्या. डाव्यानं धड ऐकूच येत नाही, चक्की चालल्यावानी घरघर होते." हे त्या आजवर कुणाला बोललेल्याच नव्हत्या. चक्कर डोक्यातली, तिचा कानाशी काय संबंध!

संबंध आहे. कानाच्या आत खोलवर, हाडात, ऐकण्याचा शंख आहे आणि त्याला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन वाकड्या नळ्या. दोन्हींत एकच द्रव, आणि मेंदूकडे निरोप नेणारी नसही एकच. आत द्रवाचा दाब वाढला की भोवळ, बहिरेपण, कान वाजणं, कान दाटणं, सारं जोडीनं येतं. १८६१ साली पॅरिसच्या मेनिएर नावाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की अशी चक्कर कानातून येते. तोवर दोष मेंदूला दिला जायचा. या आजाराला आज त्यांचंच नाव आहे.

उन्हात वखरताना डोळ्यांपुढे अंधारी येते, ती वेगळी. तिथं पाणी आणि सावली हवी. घर फिरतं ती भोवंड. कूस बदलताच मिनिटभर फिरलं आणि ऐकू नीट येतं, तर बहुधा कानातले बारीक कण जागचे हललेले असतात. डॉक्टर मान ठरावीक पद्धतीनं फिरवून ते जागी बसवतात. त्यासाठी महिनोन्‌महिने गोळ्या कशाला?

पण एक कान अचानक बंद पडला तर मळ निघेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा, नाहीतर उपचाराचे दिवस हातचे जातात. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, तर लगेच १०८ ला फोन करा. अमिकासिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं घेतल्यावर तोल किंवा ऐकणं बिघडलं, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि भोवंडीची सवय असलेल्यानं विहिरीच्या काठावर एकट्यानं जाऊ नये, काकाजी.

त्या बाईंची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. डाव्या कानाला जाड, खालच्या सुरातले आवाज कमी येत होते. औषध दिलं, मीठ कमी करायला सांगितलं. लोणच्याची बरणी त्यांनी सुनेच्या हवाली केली. भोवंड कमी झाली. डावा कान मात्र पुरता परतला नाही.