तार, शिक्का आणि पेढे

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय जड आहे, पण सुरुवात पेढ्यांपासूनच करावी लागेल.

२३ सप्टेंबर २०२४. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत, मुंब्रा बायपासजवळ, पोलिसाच्या गोळीने मेला. बदलापुरात पेढे वाटले गेले, फटाके फुटले. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. ठीक आहे, त्या चिमुरड्यांवर जे गुदरलं ते ऐकून कोणाचंही रक्त उसळेल. त्याबद्दल वाद नाही.

आता त्याच वर्षाचा मार्च महिना आठवा. १९ मार्च २०२४. मुंबई उच्च न्यायालयाने एक निकाल दिला, ८६७ पानांचा. निकाल असा की, २००६ साली वर्सोव्यात झालेली चकमक ही चकमक नव्हतीच, तो खून होता. बारा पोलिसांची जन्मठेप कायम झाली. खालच्या कोर्टात निर्दोष सुटलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप सुनावली. तेरा पोलीस, श्रोतेहो. एका खुनात तेरा पोलीस. त्या दिवशी कोणी पेढे वाटल्याचं किंवा फलक लावल्याचं ऐकलंत? दोन दिवस बातम्या आल्या, टपरीवर चहा संपेपर्यंत चर्चा झाली, आणि मग आयपीएल सुरू झाली.

गोळी घालणाऱ्याला फटाके आणि गोळीचा हिशेब मागणाऱ्याला शांतता, हे असं का होतं, ते आज बघायचं आहे. पण त्याआधी तो हिशेब लागला कसा, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कारण तो लागला एका तारेमुळे. तार म्हणजे टेलिग्राम. फोनमधला नव्हे, तारघरातला.

गोष्ट अशी. ११ नोव्हेंबर २००६, शनिवार. रामनारायण गुप्ता, ज्याला लोक लखन भैया म्हणत. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो छोटा राजन टोळीचा माणूस, अंगावर गुन्हे असलेला. तो साधुसंत होता असं मीही म्हणत नाही. दुपारी साडेबाराच्या सुमारास वाशीत, एका दुकानाच्या बाहेरून, त्याला आणि त्याच्या मित्राला काही माणसांनी गाडीत घातलं. साध्या कपड्यांतली माणसं.

आता घरी बातमी कळल्यावर काय होतं? तुम्हाला माहीत आहे. बायका रडतात, पुरुष फोन फिरवतात, कोणीतरी म्हणतं, थांबा, संध्याकाळपर्यंत वाट बघू, सोडतील. मित्राच्या बायकोने वाशी पोलीस ठाण्यात नवरा बेपत्ता असल्याची तक्रार दिली. आणि लखन भैयाचा भाऊ होता वकील. वकिलाने वकिलासारखं केलं. तो वाट बघत बसला नाही. त्याने पोलीस आयुक्तांसह वरिष्ठांना तारा केल्या, फॅक्स केले. माझ्या भावाला उचललंय, त्याला खोट्या चकमकीत मारतील अशी भीती आहे.

रात्री आठच्या सुमारास वर्सोव्यात, नाना-नानी पार्कजवळ, लखन भैया मेला. पोलिसांची फिर्याद तयार होती: गुप्त बातमी मिळाली, सापळा लावला, शरण यायला सांगितलं, त्याने गोळीबार केला, स्वसंरक्षणार्थ आम्हीही केला. हीच फिर्याद, श्रोतेहो, नाव आणि जागा बदलून तुम्ही किती वेळा वाचलीये? सापळा, इशारा, गोळीबार, स्वसंरक्षण. सत्यनारायणाच्या कथेला पाच अध्याय, हिला चार.

आता नीट ऐका, कारण सगळी केस या एका सांध्यावर उभी आहे. पोलीस सांगतात, रात्री आठला हा माणूस मोकळा होता, स्वतःच्या पायांनी उद्यानापाशी आला. तार सांगते, दुपारपासून हा माणूस कोणाच्या तरी ताब्यात आहे, खाडीपलीकडे, वाशीत. आणि तार गेली कधी? मरणाच्या आधी. पुन्हा सांगतो. तार मरणाच्या आधी गेली. नंतर रचलेली गोष्ट म्हणायला जागाच उरली नाही, कारण आठला काय होणार हे काही तास आधी कोण कसं रचेल?

आणि तारेची दुसरी गंमत, तिच्यावरचा शिक्का पोलिसांचा नव्हता. चकमकीत सगळे कागद एकाच खात्याचे असतात. डायरी त्यांची, फिर्याद त्यांची, हत्यारांची नोंदवही त्यांची, गाडीचं लॉगबुक त्यांचं, पंचही पुष्कळदा नेहमीचेच, बोलावलं की येणारे. मेलेल्या माणसावरच गुन्हा दाखल होतो आणि तो उलट बोलायला येत नाही. या सगळ्या गठ्ठ्यात एकच कागद परक्या खात्याचा. तारघरातला कारकून शब्द मोजून पैसे घेतो, फॉर्मवर वेळ टाकतो, गोल शिक्का मारतो. त्याला लखन भैया कोण, हे माहीतही नसतं. म्हणून त्याचा शिक्का खरा.

आपल्याकडे तार आली की उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची. लग्नाच्या शुभेच्छांच्या तारांना तर नंबर ठरलेले असायचे, नंबर सांगितला की तयार मजकूर जायचा. माझं मत विचाराल तर आजच्या सणासुदीच्या फॉरवर्डपेक्षा तो नंबर बरा, निदान एकदाच यायचा. असो.

पुढे काय झालं? चारच दिवसांत, १५ नोव्हेंबरला, भाऊ उच्च न्यायालयात गेला. २००८ साली न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, अहवाल आला, हा कोठडीतला खून आहे. २००९ साली विशेष तपास पथक नेमलं गेलं, प्रमुख पोलीस उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना. हे मुद्दाम सांगतो. पोलिसांना पकडणारेही पोलीसच होते, हे दोन्ही बाजूंचे ओरडणारे विसरतात. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की जमीनजुमल्याच्या धंद्यातल्या एका माणसाने सुपारी दिली होती. म्हणजे गणवेशातल्या माणसांनी गुंड संपवला, ही कौतुकाची गोष्ट, आणि तो संपवला कोणाच्या तरी पैशाने, असा आरोप.

आणि मग तो मित्र. वाशीहून बरोबर उचललेला, एकमेव डोळ्यांनी पाहणारा. मार्च २०११ मध्ये त्याची साक्ष तोंडावर आलेली असताना तो घरातून नाहीसा झाला. मनोरजवळ जळालेलं प्रेत सापडलं. त्याला कोणी मारलं, हे इतक्या वर्षांत समोर आलं नाही, याबद्दल २०२४ च्या निकालात न्यायालयाने खेद व्यक्त केला आहे. डोळ्यांनी पाहणारा गेला. तारेचा कागद राहिला. माणूस जाळता येतो, शिक्का मारलेली पावती वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडलेली असते.

५ जुलै २०१३ ला सत्र न्यायालयाने एकवीस जणांना दोषी धरलं, त्यात तेरा पोलीस. शर्मा सुटले. शिक्षा सुनावली १२ जुलैला, शुक्रवारी. आणि त्या आठवड्यात दुसरी बातमी काय होती आठवतंय? रविवार, १४ जुलै २०१३, रात्री देशातली तारसेवा कायमची बंद झाली. शेवटची तार पाठवायला लोकांनी तारघरांत रांगा लावल्या, आठवण म्हणून स्वतःलाच तारा केल्या. ज्या तारेने तेरा पोलिसांचं खोटं उघडं पडायला मदत केली, तिला शिक्षेनंतर दोन दिवसांत कुलूप. त्या रांगेतल्या किती जणांना हे ठाऊक होतं, देव जाणे.

वेळ बराच गेला. आता लोक काय म्हणतात ते.

पहिला सूर, ‘गुंडच होता ना, मग रडताय कशाला?’ दुसरा, ‘कोर्टात वीस वर्षं लागतात, त्यापेक्षा हे बरं.’ दुसऱ्यात तथ्य आहे, कोर्टात लागतातच वीस वर्षं. पण बघा, त्या उशिराचा फायदा कोणाला झाला? नोव्हेंबर २००६ ते मार्च २०२४, सतरा वर्षं आणि चार महिने. दोन दोषी, त्यात एक पोलीस, अपील चालू असतानाच वारले. सहा बिगरपोलीस आरोपी शेवटी सुटले. शर्मांनी सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्यांना शरण जाण्यातून तात्पुरती सवलत मिळाली. कोर्ट सगळ्यांनाच सावकाश आहे, गणवेशालाही.

तिसरा सूर सरकारी. डिसेंबर २०१५ मध्ये राज्याच्या गृहखात्याने यातल्या अकरा जणांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली. जन्मठेप झालेल्यांची. भाऊ पुन्हा उच्च न्यायालयात गेला. आणि चौथा सूर मतपेटीचा. सत्र न्यायालयातून सुटलेले शर्मा खात्यात परत आले, मग राजीनामा देऊन २०१९ साली नालासोपाऱ्यातून विधानसभेला उभे राहिले आणि हरले. वर्तमानपत्रं त्यांना ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ म्हणत आली. डोळ्यांचा स्पेशालिस्ट कळतो, हाडांचा कळतो. हा कशाचा? हा शब्द छापणाऱ्यांनी लोकांच्या प्रतिक्रियेची निम्मी तयारी आधीच करून ठेवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

हैदराबादलाही तेच. ६ डिसेंबर २०१९ ला, एका डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार-खुनातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. मग सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने, अध्यक्ष आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शिरपूरकर, २०२२ मध्ये सांगितलं की दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. फुलं उधळणाऱ्यांना त्या अहवालाचं काय वाटलं, हे विचारायला कोणी गेलं नाही. बदलापूरच्या प्रकरणातही दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने जानेवारी २०२५ मध्ये पाच पोलिसांना जबाबदार धरलं. तेव्हा पेढेवाले गप्प.

एक तारीख लक्षात ठेवा. २३ सप्टेंबर २०१४. सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात चकमकींसाठी सोळा नियम घालून दिले. मुंब्रा बायपासची गोळी सुटली ती त्याला बरोबर दहा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी. नियम थोडक्यात सांगतो. गुप्त बातमी मिळाली तर ती आधी लिहून ठेवायची. मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा. तपास त्याच ठाण्याने नाही, सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याने करायचा, आणि तपासावर देखरेख ठेवणारा अधिकारी चकमकीच्या प्रमुखापेक्षा किमान एका दर्जाने वरचा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी, व्हिडिओ काढून. हत्यारं तपासणीला जमा. दंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची. आणि घटनेनंतर लगेच बढती नाही, शौर्यपदक नाही. बिघडतं कुठे? पहिल्याच पायरीवर. बातमी ‘आधी’ लिहिली की ‘नंतर’, हे डायरीतल्या दोन ओळींच्या मधल्या जागेवरून ओळखावं लागतं.

आता, घरातल्या माणसाला असं कोणी उचलून नेलं तर तार नाही, मग काय? वेळ, शिक्का, पावती. तीनच गोष्टी. पुन्हा एकदा, वेळ, शिक्का, पावती.

आधी ११२ ला फोन. मदत मिळो न मिळो, फोनची वेळ पोलिसांबाहेरही, मोबाइल कंपनीकडे, नोंदली जाते. मग आयुक्तांना, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांना, ईमेल. त्यात नाव, कुठून नेलं, किती वाजता, गाडीचा नंबर दिसला असेल तर तो, आणि कोणी पाहिलं. भाषा चुकली तरी चालेल, वेळ चुकता कामा नये. फॉरवर्ड करायच्या भानगडीत पडू नका, मूळ ईमेल तसाच ठेवा. त्याच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टाने. वकील परवडत नसेल तर विधी सेवेचा नंबर १५१००. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं नाही तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे ‘माणूस कोर्टापुढे हजर करा’ असा अर्ज.

आणि सीसीटीव्ही. पोलीस ठाण्यांतलं चित्रण अठरा महिने जपायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय. पण कॅमेरा ‘बंद होता’ हे उत्तर तयार असतं. म्हणून पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या, अमुक तारीख, अमुक ते अमुक वाजेपर्यंतचं चित्रण राखून ठेवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. पोहोच म्हणजे सही, तारीख, वेळ, शिक्का. ठाण्यात पोहोच देत नसतील तर तोच अर्ज अधीक्षकांकडे पोस्टाने.

शाळेत ‘माझा आवडता पक्षी’ यावर दहा वर्षं निबंध लिहून घेतात, पण अर्ज लिहून त्याची पोहोच घ्यायला एक तास शिकवत नाहीत. पूर्वी घराघरांत खुंटीला एक वाकडी तार असायची, तिला विजेची बिलं, रेशनची पावती, सगळं टोचलेलं. बायका दिवाळीला साफसफाई करताना तिला हात लावायच्या नाहीत. ती तार कुठे गेली कोण जाणे.

आणि हो, पोस्टातून मिळणारी स्पीड पोस्टाची पावती गुळगुळीत कागदावरची असते, वर्षभरात तिची अक्षरं उडतात. आणली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा.