मनोरा नसलेलं चर्च

श्रोतेहो, नमस्कार.

४ जून १९०५. अमेरिकेत शिकागोला लागून असलेल्या ओक पार्क या गावात वीज पडली, ती थेट युनिटी चर्चच्या मनोऱ्यावर. चर्च लाकडाचं होतं, ते जळून गेलं. मंडळी काही श्रीमंत नव्हती. तरीही नवं चर्च बांधायचं ठरलं आणि काम सोपवलं गावातच राहणाऱ्या फ्रँक लॉइड राइट या तरुण वास्तुविशारदाकडे.

राइटनं नकाशा पुढे ठेवला, तर त्यात मनोराच नाही! बाहेरून बघावं तर काँक्रीटचा एक भलामोठा चौकोनी ठोकळा. त्या काळात काँक्रीट म्हणजे गोदामं आणि कारखाने. देवाचं घर कुणी त्याचं बांधतं का? पण पैसे बेताचे होते, आणि राइटचा हिशोब साधा होता. चारही बाजू सारख्या ठेवल्या की सेंट्रिंगच्या त्याच फळ्या पुन्हा पुन्हा वापरता येतात. वर गिलावाही नको. भिंतीतली खडी तशीच उघडी दिसू द्यायची. पाळक रॉडनी जोहोनॉट यांनी तर नव्या इमारतीमागचा विचार लोकांना समजावा म्हणून एक पुस्तिकाच छापली. मला या पाळकांचं फार मोल वाटतं. मंडळीनं डोळे मिटून होकार द्यावा असं त्यांना वाटलं नाही. तिला कळावं, पटावं, असं वाटलं.

१९०६ मध्ये काम सुरू झालं. ते लांबलं, खर्चही ठरल्यापेक्षा बराच वाढला. समर्पणाचा दिवस उजाडला २६ सप्टेंबर १९०९ रोजी. आग लागल्याला तोवर चार वर्षं उलटून गेली होती.

आता माझ्याबरोबर जरा आत चला. समोरच्या रस्त्यावरून ट्राम खडखडत जायची, म्हणून त्या बाजूला दार नाही, माणसाच्या उंचीवर खिडकीही नाही. वळसा घालून बाजूनं आत शिरायचं. मग एक बुटका, अंधारा बोळ लागतो, तोही सभागृहाच्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीवर. उशिरा आलेल्यानं तिथूनच गुपचूप पुढे जावं. उपासनेत बसलेल्यांना चाहूलही लागत नाही. चार पायऱ्या चढलात की एकदम उजेड! छतात पिवळसर काचांचे २५ चौकोन आहेत. बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी आत उन्हं उतरल्यासारखी वाटतात.

आसनं तीन बाजूंनी, सज्जांसकट. सुमारे ४०० माणसं बसतात, पण व्यासपीठापासून कुणीही ४० फुटांहून लांब नाही. समोर पाहिलं की पुढच्याची पाठ दिसत नाही, पलीकडच्या शेजाऱ्याचा चेहरा दिसतो. उपासना संपली की व्यासपीठाच्या दोन्ही अंगांची दारं उघडतात. म्हणजे पाळकांकडे पाठ फिरवून कुणी जात नाही. सगळे त्यांच्याच दिशेनं येतात, भेटतात आणि मग बाहेर पडतात. सगळ्या इमारतीत मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

ही मंडळी युनिटेरियन, म्हणजे एका उदारमतवादी ख्रिस्ती पंथाची. या पंथाचं आपल्याशीही नातं आहे बरं का. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये युनिटेरियनांच्याच मदतीनं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करायला गेले होते. परतल्यावर त्यांनी मुंबईत अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, ते १९०६ साली. तिकडे ओक पार्कमध्ये काँक्रीट ओतायला सुरुवात झाली, तेच हे साल.

पुढे त्या काँक्रीटला तडे गेले, पाणी झिरपलं. २०१५ ते २०१७ या काळात मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये युनेस्कोनं राइटच्या इतर काही वास्तूंबरोबर या चर्चचीही जागतिक वारशात नोंद केली. मंडळी आजही तिथे उपासनेला जमते. आत शिरताना दारांवरची अक्षरं त्यांच्या नजरेस पडतात: देवाच्या उपासनेसाठी आणि माणसाच्या सेवेसाठी.

नमस्कार.