वचनात पाणी किती घालायचं?

(ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या व्याख्यानमालेत एका ख्रिस्ती मंडळीपुढे केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

पाळकसाहेब, वडीलधारी मंडळी आणि मागचे बाक अडवून बसलेल्या तरुण मित्रांनो,

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना आठवा. बारा वाजतात, हस्तांदोलनं होतात, आणि मग ती वेताची टोपली फिरते. प्रत्येकानं डोळे मिटून एक कार्ड उचलायचं. ते आपलं वर्षभराचं वचन. माझं अक्षर बरं आहे एवढ्या एका गुणावर ती कार्डं लिहायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आलंय. पहिल्या वर्षी मला जुनी कार्डं दिली आणि सांगितलं, "यातूनच उतरवून घ्या." मी रात्री जेवणाच्या टेबलावर सगळी पसरली. 'भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे.' 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.' यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन तर चार वेळा होतं, देवाच्या मनातले संकल्प आपल्या हिताचे आहेत, ते. दीडशेच्या आसपास कार्डं होती, आणि देव आपल्याकडे काही मागतोय असं एकही नव्हतं. सगळा देण्याचाच व्यवहार. माझी बायको भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, ही टोपली आहे की पेढ्यांचा डबा?"

त्या यिर्मयाच्या वचनाचं बघा. हे वचन हातात पडलं की कुणाला त्यात व्हिसा दिसतो, कुणाला फ्लॅट. पण ते एका पत्रात आहे, आणि पत्र बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना लिहिलंय. त्यांना वाटत होतं, दोन-चार वर्षांत परत जाऊ. यिर्मया त्यांना लिहितो, घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आणून टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे शत्रूच्या नगरासाठी! आणि अकराव्या वचनाच्या बरोबर आधी, दहाव्यात, मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकजण तिथंच मरणार होते. आपण दहावं वचन कापलं आणि अकरावं लॅमिनेट केलं.

आजचा विषय मला असा दिला होता: 'शास्त्राची शिकवण लोकांना रुचेल अशी मवाळ करावी का?' माझं उत्तर 'नाही' असं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ते 'नाही' ज्यांना ऐकायला फार गोड लागेल, त्यांनाही आज जरा टोचणार आहे.

प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, एक शब्द वापरलाय. देवाच्या वचनात भेसळ करणाऱ्या पुष्कळांसारखे आम्ही नाही, असं तो म्हणतो. मूळ ग्रीक शब्द किरकोळ दुकानदाराच्या धंद्यावरून आलाय. द्राक्षारसात पाणी मिसळून विकण्याबद्दल हे दुकानदार बदनाम होते. आपल्याकडे हे समजावून सांगायला नको. सकाळी डेअरीवर कॅन घेऊन उभं राहिलेल्याला लॅक्टोमीटर काय सांगतो ते ठाऊक आहे. पाणी घातलेलं दूध पांढरंच दिसतं. मापातही भरपूर भरतं. म्हणून तर घालतात.

पण हाच पौल याच करिंथकरांना पहिल्या पत्रात सांगतो, मी तुम्हाला दूध पाजलं, जड अन्न दिलं नाही, कारण तुम्ही अजून लेकरं होता. म्हणजे कुणाला काय, किती, कधी द्यायचं याचं तारतम्य त्याला होतं. बाळाला दूध देणं वेगळं आणि दुधात पाणी घालणं वेगळं. दूध गरम द्या, गार द्या, पितळी पेल्यात द्या नाहीतर काचेच्या ग्लासात द्या.

आपल्या मराठीत हे पेल्याचं काम फार सुंदर झालंय. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मिशनरी १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. स्वर्गाला तो खुशाल 'वैकुंठ' म्हणतो. ओवी वापरली, पुराणाचा घाट घेतला, पण वधस्तंभ गाळला नाही. येशूचं दुःखसहन तिथं सविस्तर आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. आपण 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडतो तेव्हा त्यांच्याच पेल्यातून पितो. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, ते खेड्यातल्या जेमतेम शिकलेल्या बाईला समजावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून पूर्ण झालं, केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या स्वतःच्या छापखान्यात. भाषा सोपी केली म्हणजे शिकवण सोपी केली असं नव्हे. उलट, भाषा सोपी झाली की पळवाट बंद होते. संस्कृतप्रचुर वाक्याआड लपता येतं. 'शत्रूवर प्रेम कर' याच्याआड कुठे लपणार?

आता भेसळ म्हणजे काय ते एका खऱ्या पुस्तकावरून सांगतो, आणि इथं जरा थांबणार आहे.

१८०७ साली लंडनमध्ये एक पुस्तक छापलं गेलं. शीर्षकाचा अर्थ असा: 'ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांवरील निग्रो गुलामांच्या उपयोगासाठी पवित्र शास्त्रातील निवडक भाग.' जमैका, बार्बाडोससारख्या बेटांवर उसाच्या मळ्यात राबणाऱ्या गुलामांना ख्रिस्ती शिक्षण देणाऱ्या एका सोसायटीसाठी ते काढलं होतं. ब्रिटिश पार्लमेंटनं गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली तेही १८०७ सालीच. पण बंदी व्यापारावर होती. जे आधीच मळ्यात होते ते गुलामच राहिले, आणि गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा १८३३ साली आला. या पुस्तकाच्या अगदी थोड्या प्रती आज उरल्या आहेत. त्यातली एक अमेरिकेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे आहे. ती २०१८ साली वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयात मांडली तेव्हा जगभर तिची चर्चा झाली.

आपल्या शास्त्रात ११८९ अध्याय. या पुस्तकात २३२. जुन्या कराराचा नव्वद टक्के भाग गेला, नव्याचा साधारण निम्मा. काय गेलं ते बघा. उत्पत्तीत योसेफाची गोष्ट ठेवली आहे. भावांनी विकलेला, तरी इमानेइतबारे चाकरी करणारा गुलाम. ठेवण्यासारखीच! आणि पान उलटलं की एकदम पुढच्या पुस्तकाचा, निर्गमाचा, १९वा अध्याय. मधले अठरा अध्याय नाहीत. मोशे नाही, मिसरच्या फारो राजापुढे उभं राहून 'माझ्या लोकांना जाऊ दे' म्हणणं नाही, तांबडा समुद्र नाही. गुलाम मिसरात कसे आले ते कळतं, बाहेर कसे पडले ते कळत नाही. थेट सीनाय पर्वत आणि दहा आज्ञा. माणूस चोरून विकणाऱ्याला मृत्युदंड सांगणारा निर्गम २१ नाही. गलतीकरांचं ३:२८, 'दास व स्वतंत्र' हा भेदच नाही म्हणणारं, नाही. प्रकटीकरणाचं आख्खं पुस्तक नाही. आणि इफिसकरांतलं 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञा पाळा' हे मात्र आहे.

ज्यांनी हे कापलं त्यांना कदाचित आपण सैतानाचं काम करतोय असं वाटलंही नसेल. मळेवाले मिशनऱ्यांना आत पाऊल टाकू देत नव्हते. पूर्ण शास्त्र दिलं तर फाटक बंद, कापून दिलं तर उघडं. 'निदान थोडं तरी पोहोचेल' हा युक्तिवाद आपण इथं बसलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी केलाय. पण शास्त्र मवाळ झालं ते गुलामासाठी का? त्याच्यासाठी तर ते आणखी कठोर झालं. मवाळ झालं मळेवाल्यासाठी. मला सगळ्या विषयाची किल्ली इथं सापडते. कुणी वचनाची धार कमी केली की मी आधी बघतो, आता कुणाला बोचेनासं झालं?

ही युक्ती जुनी आहे. मत्तय ५:२२ मध्ये येशू म्हणतो, जो आपल्या भावावर रागावतो तो न्यायाला पात्र होतो. पुष्कळ हस्तलिखितांत तिथं एक छोटासा शब्द आहे: 'विनाकारण'. 'विनाकारण रागावतो तो.' जुन्या प्रतींत तो नसल्यामुळे बहुतेक अभ्यासक तो मागाहून घुसल्याचं मानतात. नकलनवीसाचा स्वतःचा भाऊ असेल, मी समजू शकतो. बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेली किती घरं आपल्या मंडळीत आहेत? त्यातला एक तरी म्हणेल का, की माझा राग विनाकारण आहे?

किंवा ते उंटाचं. सुईच्या नाकातून उंट जाणं सोपं, पण श्रीमंताला देवाच्या राज्यात जाणं कठीण. मी लहानपणापासून उपदेशात ऐकत आलोय, की यरुशलेमेला 'सुईचं नाक' नावाचा एक ठेंगणा दरवाजा होता, उंटाच्या पाठीवरचं ओझं उतरवलं आणि त्याला गुडघ्यावर बसवलं की तो सरकत जायचा. छान गोष्ट आहे. फक्त येशूच्या काळात असा दरवाजा होता याला पुरावा नाही. ही गोष्ट कित्येक शतकांनंतरची. काही प्रतींत तर 'उंटा'च्या जागी 'दोरखंड' आलाय, ग्रीकमध्ये दोन शब्दांत एका अक्षराचाच फरक. दोन हजार वर्षं आपण कुणी उंट बारीक करतोय, कुणी सुईचं नाक मोठं करतोय!

आणि आता आपल्या अंगणात येऊ. गेल्या वर्षी मला लांबच्या नात्यातून फोन आला. मुलासाठी स्थळ बघत होते. मी एक मुलगी सुचवली, शिकलेली, आमच्याच मंडळीतली, शब्बाथ शाळेत शिकवणारी. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज खाली आला, "ते सगळं ठीक आहे हो. पण मूळचे कोण?"

मूळचे कोण! पणजोबांचा बाप्तिस्मा होऊन शंभर वर्षं झाली आणि अजून मूळचे कोण. गलतीकरांचं ते ३:२८ आपण पुस्तकातून कापलं नाही. त्याची गरजच पडली नाही, आपण ते तोंडपाठ म्हणतो आणि बायोडाटा वेगळा ठेवतो. हेही आजचं नाही. दक्षिणेत जातीप्रमाणे वेगळ्या बसणाऱ्या, प्रभुभोजनाचा प्याला वेगळ्या क्रमानं घेणाऱ्या मंडळ्या होत्या, आणि कित्येक मिशनऱ्यांनी 'हळूहळू जाईल' म्हणून ते चालवून घेतलं. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांनी पत्र काढून जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडायला सांगितलं, तेव्हा शेकडो लोक मंडळी सोडून गेले. आकर्षक होण्याच्या हिशेबानं बघितलं तर बिशपसाहेबांचा धंदा बुडाला म्हणायचा.

असं बुडणं योहानाच्या सहाव्या अध्यायातही आहे. 'हे वचन कठीण आहे' म्हणून पुष्कळ शिष्य निघून गेले. येशू त्यांच्यामागे धावला नाही, उरलेल्यांसाठी आवृत्तीही बदलली नाही. बारा जणांना विचारलं, तुम्हालाही जायचंय का?

आता ज्यांना माझं 'नाही' गोड लागलं त्यांच्याकडे वळतो. आपल्यात काही उपदेशक आहेत, कठोर वचन सांगतो म्हणून ज्यांना अभिमान आहे. मी त्यांचे उपदेश ऐकतो. कठोरपणा नेहमी गैरहजर माणसांवर असतो. शेजाऱ्याच्या देवांवर, जीन्स घालणाऱ्या मुलींवर, घटस्फोट झालेल्या बाईवर, ती तर पुढच्याच बाकावर बसलेली असते बिचारी. नरक सांगताना त्यांचा आवाज खुलतो. येशूनं नरक सांगितलाच आहे, मी तो गाळायला सांगत नाही. पण लूकच्या १६व्या अध्यायात तिथं कोण आहे? दाराशी पडलेल्या लाजराला ओलांडून रोज जेवायला जाणारा श्रीमंत. मत्तय २५मध्ये न्यायाच्या दिवशी डावीकडे कोण उभे आहेत? भुकेल्याला ज्यांनी खायला दिलं नाही ते. हे सोडून उरलेला नरक शेजाऱ्यांत वाटून टाकणं हीसुद्धा भेसळच, फक्त पाण्याऐवजी तिखट घातलंय.

मार्काच्या दहाव्या अध्यायात तो श्रीमंत तरुण येतो. सर्व विकून गरिबांना दे, हे येशू त्याला सांगतो, पण त्याआधी मार्कानं एक गोष्ट नोंदवली आहे: येशूनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. ज्याच्यावर प्रीती करता येत नाही त्याला कठीण वचन सांगायचा परवाना मला मिळालेला नाही, असं मी समजतो. आणि वेळ द्यावा लागतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्यांचं सोवळं कसं एकेक धागा उसवत गेलं ते त्यांनी 'स्मृतिचित्रां'त लिहिलंय, हसत हसत, स्वतःलाच चिमटे काढत. त्या पाच वर्षांत कुणी त्यांच्यासाठी सोवळ्याची सवलत असलेलं वेगळं शुभवर्तमान छापलं नाही.

आता वेळ संपत आली, पाळकसाहेब घड्याळाकडे बघतायत. त्या टोपलीचं राहिलंच. मागच्या डिसेंबरात मी कुणाला न सांगता त्यात एक कार्ड मिसळलं. मार्क १०:२१, 'जे काही तुझे असेल ते विकून गोरगरिबांना दे.' म्हटलं बघू कुणाच्या हाती लागतंय. लागलं आपल्या एका माजी खजिनदारांच्या. ते आज इथंच बसले आहेत, नाव सांगत नाही, पण ते हसतायत. उपासना संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "लिहिण्यात काहीतरी चूक झालेली दिसते. बदलून मिळेल का?" मी विचारलं, मागच्या वर्षी तुम्हाला कोणतं वचन आलं होतं? त्यांना आठवेना. त्याच्या आदल्या वर्षीचं? तेही नाही. मी म्हटलं, मग हेही विसराल, ठेवा.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. कार्ड देवळाच्या जुन्या हिशेबवहीत खुणेसाठी घातलेलं होतं, कोपरे दुमडलेले. मी काही बोललो नाही. त्यांनीच वही मिटली आणि चहा घेणार का म्हणून विचारलं.