काळा पडलेला तुरा
(परसातल्या कोंबड्या आणि थंडी : माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : पहाट. खुराड्यावरची पन्नी आतून. थेंब ओघळतायत.]

हे पाणी कुठून आलं? पाऊस नाही, रात्री खुराड्यावर कोणी पाणी मारलेलं नाही. आत झोपलेल्या कोंबड्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून निघालेली ही वाफ आहे. पन्नीला, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाला टेकली, गार झाली, थेंब झाली. हेच थेंब खाली बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यावर पडतात.

[दृश्य : धुक्यातला घाट. गवतावरचं दव. गाव.]

अमरावती जिल्हा, मेळघाटचा डोंगर. वर चिखलदरा, समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटर. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना फक्त ऊन आठवतं. पण २९ डिसेंबर २०१८ ला खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. डोंगरातल्या उघड्या माळावर, खोलगट भागात, थंडीच्या लाटेत गवतावरचं दव गोठतं. माणसं शेकोटी पेटवतात, गुरं गोठ्यात दाटीवाटीनं उभी राहतात. कोंबडीची सोय ज्याची त्यानं आपल्या अकलेनं केलेली असते.

[दृश्य : कोंबडा. तुऱ्याचा क्लोजअप. टोकं काळी.]

हा गावातल्या एका मावशींच्या घरचा गावरान कोंबडा. तुरा मोठा, एकेरी, करवतीसारखे दाते. बुडाशी लालभडक आहे. टोकाकडे पांढुरका होत गेलाय आणि शेवटचे तीन दाते काळे, वाळलेले. अंगठ्यानं दाबलं तर ती टोकं कडक लागतात. बुडाशी दाबलं की कोंबडा मान झटकतो.

कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, एक्केचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस. तिला घाम येत नाही. उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायला ती चोच उघडून धापा टाकते आणि तुऱ्यातून रक्त खेळवते. तुरा म्हणजे कोंबडीचा कूलर. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा असा भला मोठा तुरा कामाला येतो. थंडीत तोच अंगावर उलटतो. पिसं नाहीत, चरबी नाही, पातळ कातडी आणि आत बारीक रक्तवाहिन्या. अंग गरम ठेवण्यासाठी शरीर टोकांचं रक्त आखडून घेतं. टोक ओलं असेल, वारा लागत असेल आणि पारा शून्याला आला, तर तिथलं मांस गोठून मरतं. कोंबडी झोपताना डोकं पंखात खुपसते, तिचा तुराही लहान. कोंबड्याचा तुरा उघडाच राहतो, म्हणून पहिला मार त्याला. असील जातीचा तुरा मुळातच बुटका, बसका. गावात एका घरी असील आहेत, त्यांना काही झालेलं नाही.

[दृश्य : पशुवैद्यकीय डॉक्टर अंगणात. कोंबडा मावशींच्या मांडीवर.]

तालुक्याचे डॉक्टर आले. त्यांनी आधी तुऱ्याला हातच लावला नाही. पापण्या बघितल्या, चोचीच्या कडा बघितल्या, चोच उघडून घसा बघितला.

कारण विदर्भात काळ्या खपल्या दिसल्या की पहिला संशय थंडीवर घ्यायचा नसतो, देवी या कोंबड्यांच्या फोडांच्या रोगावर घ्यायचा असतो. देवीचा विषाणू डास पसरवतात. त्या फोडांच्या खपल्या खरखरीत, चामखिळीसारख्या असतात आणि तुऱ्यावर कुठेही उठतात, पापणीवर, चोचीच्या कोपऱ्यातही. घशात पिवळट थर धरला तर पक्ष्याला खाणं-पिणं, श्वास घेणं अवघड होतं. एकापाठोपाठ एक पिल्लं आजारी पडतात. थंडीनं मेलेला तुरा टोकापासून काळा होतो, पापण्या स्वच्छ असतात आणि लागण शेजारच्या पक्ष्याला होत नाही. सपाटीवरच्या गावात, पारा आठ-दहा अंश असताना कोणी म्हणालं की थंडीनं तुरा जळाला, तर खुशाल शंका घ्यावी. इथे डोंगर होता, लाट होती आणि ती पन्नी होती.

[बाईट : मावशी]
"आमी तं थंडी लागू नये म्हनून पन्नी लावली ना जी. मंगूस बी येते रातच्यानं. मंग सारंच बंद केलं."

[दृश्य : डॉक्टरांचे हात. वाटीतलं पाणी, कापूस, आयोडीन.]

"मावशी, याला चुलीपाशी नेऊ नका," हे डॉक्टरांचं पहिलं वाक्य. गारठलेल्या भागाला चटका कळत नाही. शेकोटीजवळ धरला की वरून भाजतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. दुसरी मनाई चोळण्याची. माणसाचे हात गारठले की आपण खसाखसा चोळतो. इथे तसं केलं तर गोठलेली कातडी आतून फाटते.

मग करायचं काय? पक्षी ताजा गारठलेला असेल, तुरा पांढरा-करडा आणि थंडगार असेल, तर त्याला घरात कोरड्या जागी आणायचं, अंग हळूहळू गरम होऊ द्यायचं. बोटं गारठली असतील तर पाय कोमट पाण्यात वीस-तीस मिनिटं. पाणी किती कोमट? आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच. नंतर पाय टिपून पूर्ण कोरडे करायचे आणि त्या रात्री पक्षी परत थंडीत सोडायचा नाही. एकदा गारठा सुटलेला भाग पुन्हा गोठला तर नुकसान आधीपेक्षा जास्त.

या कोंबड्याची ती वेळ निघून गेली होती. काळी टोकं कापायला मावशींनी ब्लेड काढून ठेवलं होतं. डॉक्टरांनी ते परत ठेवायला लावलं. मेलेलं टोक हे खालच्या जिवंत मांसाचं झाकण असतं. जिवंत कुठे संपतं आणि मेलेलं कुठे सुरू होतं हे ठरायला काही आठवडे लागतात. मग ते टोक आपसूक गळतं. फोड आले तर फोडायचे नाहीत. आयोडीनचं औषध पाण्यात फिकट करून कापसानं टिपायचं, घासायचं नाही. तुरा सुजला, चिघळला, वास आला तर पुन्हा दवाखान्यात. अँटिबायोटिक स्वतःच्या मनानं नाही. कोंबडीला दिलं तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही विचारून घ्यायचं. आणि बरा होईपर्यंत कोंबडा डालग्याखाली वेगळा. काळं-लाल काही दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून रक्त काढतात.

तुऱ्याला व्हॅसलिन लावावं का, हा प्रश्न सगळे विचारतात. लावा, वाऱ्यापुरता थोडा आडोसा होईल. पण वरून थेंब पडत असतील तर व्हॅसलिनची डबी रिकामी होईल आणि तुरा काळाच राहील.

[दृश्य : पन्नी ओढून काढताना. खुराड्याची दुरुस्ती, सलग.]

म्हणून खरं काम खुराड्यावर. पन्नी निघाली. उत्तरेच्या आणि वाऱ्याच्या बाजूनं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. हा पूर्ण बंद. पण छपराखाली, बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बऱ्याच वर, दोन समोरासमोरच्या बाजूंना हातभर लांब फट मोकळी ठेवली. गरम ओली हवा वर चढते, तिला वरूनच वाट हवी. मुंगूस येतं हे मावशींचं म्हणणं अगदी खरं, म्हणून फटीला बारीक लोखंडी जाळी, चारी कडांनी ठोकलेली. मुंगसासाठी जाळी आणि वाऱ्यासाठी कूड. पन्नी दोन्ही कामं करायला गेली आणि एकही धड झालं नाही.

आतली बांबूची दांडी बदलली. गोल, बारीक दांडीवर कोंबडी बोटं आवळून बसते आणि बोटं खालून उघडी राहतात. आता तळव्याएवढी रुंद पट्टी, सपाट बाजू वर. त्यावर बसली की पोटाची पिसं बोटांवर येतात. खाली चार बोटं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, वाळलेलं. सोयाबीनचं आहे, तुरीचंही चालतं. धान पिकवणारे तणस बारीक करून घालतात. ते रोज हलवायचं आणि ओलं झालेलं उकिरड्यावर टाकायचं. पाण्याचं भांडं रात्री आत नाही. संध्याकाळी मूठभर ज्वारी किंवा मका जास्तीचा. रात्रभर दाणा पचताना अंगात ऊब राहते.

सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरले, तर ओलावा आणि अमोनिया अजून आतच आहे असं समजायचं. याला कुठलंही यंत्र लागत नाही.

परसातल्या कुक्कुटपालनाच्या योजनांत पिल्लं मिळतात, वाटपाचे फोटोही निघतात. रात्री ती पिल्लं कुठे झोपणार, याचा फोटो आम्ही तरी कुठे पाहिला नाही.

[दृश्य : अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्या. बाजाराचा रस्ता.]

नुकसानीचं थोडक्यात : गारठलेल्या कोंबड्याची प्रजननक्षमता काही काळ घटते, अंडी रिकामी निघतात, बोटं गेलेली कोंबडी लंगडते आणि बाजारात तिला भाव येत नाही.

[दृश्य : लसीची कुपी, बर्फाचा डबा. पंखाच्या पातळ कातडीत टोचताना.]

डॉक्टर आलेच होते, तर देवीची लसही टोचून झाली. ती पंखाच्या पातळ पडद्यात देतात. आठवड्या-दीड आठवड्यानं तिथे छोटी गाठ दिसली की लस लागली. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस वेगळी, तिची वेळ वेगळी, ती डॉक्टरांना विचारून ठरवायची. कोंबड्यांच्या लसीच्या कुप्या बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांच्या असतात आणि पातळ केलेली लस काही तासांतच वापरावी लागते. एका घरी पंधरा-वीस पक्षी. त्यामुळे मावशींनी आदल्या संध्याकाळीच आळीत निरोप दिला होता आणि सकाळी त्यांच्या अंगणात सात-आठ डालगी ओळीनं येऊन बसली होती.