आकड्यांचा आवाज कुठे होतो?

मंडळी, सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. पहिला सीडी प्लेअर घरी आणला तेव्हा ॲम्प्लिफायरच्या मागे दोन सॉकेट रिकामी दिसली. वर लिहिलं होतं 'फोनो'. पिना छान बसल्या, म्हणून बसवल्या. बटण दाबलं आणि स्पीकरमधून जे काही बाहेर पडलं त्याला गाणं म्हणवेना. ढोलकी पिंपात वाजतेय आणि गायकाचा घसा फाटलाय, असं काहीतरी. प्लेअर बिघडलेला निघाला म्हणून दोन दिवस चरफडत होतो. बिघाड माझ्या डोक्यात होता.

फोनो हे सॉकेट रेकॉर्ड प्लेअरसाठी असतं. रेकॉर्डच्या सुईतून येतो तो सिग्नल साधारण 5 मिलिव्होल्टचा. सीडी प्लेअर देतो जास्तीत जास्त 2 व्होल्ट. म्हणजे चारशे पट. पिटुकल्या वाटीत बादली ओतल्यासारखं झालं ते. त्यात आणखी एक भानगड आहे. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे चढवलेले असतात. फोनो इनपुट त्याच्या बरोबर उलट करून हिशेब जुळवतं. सीडीत काही दाबलेलंच नसतं, त्यामुळे खालचे स्वर फुगतात आणि वरचे मरतात. गंमत म्हणजे लाल-पांढऱ्या तारेच्या ज्या पिनेला आपण आरसीए म्हणतो, तिलाच बरेच जण फोनो पिनही म्हणतात, कारण आरसीए कंपनीने ती ग्रामोफोन जोडायलाच काढली होती. मग माणसाचा गोंधळ नाही होणार तर काय!

ॲम्पवरची बाकीची नावं मात्र मनावर घेऊ नका. 'सीडी', 'ऑक्स', 'टेप इन' या बहुतेक ॲम्पवर नुसत्या पाट्या असतात, आत सगळं एकच. लाल पिन उजवी, पांढरी डावी, एवढं पाळलं की झालं.

आता मुद्द्याचं बोलतो. तार कुठली घ्यायची, हा प्रश्न लोक पहिला विचारतात. तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की आकड्यांचा आवाज कुठल्या डब्यात करायचा? 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हापासून चकतीवर असतात ते आकडेच. सेकंदाला 44,100 वेळा मोजणी, प्रत्येक मोजणी 16 बिटची, डावी-उजवी मिळून सेकंदाला चौदा लाखांवर बिट. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला विजेची लाट लागते. ते रूपांतर करणारी चिप म्हणजे डॅक. ती प्लेअरमध्ये असतेच आणि आजकालच्या रिसीव्हरमध्येही, म्हणजे रेडिओसकट येणाऱ्या ॲम्पमध्येही, असते. लाल-पांढऱ्या तारेने जोडलंत तर काम प्लेअरने केलं. ऑप्टिकल (आकडे उजेडातून नेणारी) किंवा कोॲक्सियल (तेच तांब्यातून नेणारी) तारेने जोडलंत तर आकडे तसेच पुढे गेले आणि काम रिसीव्हरने केलं. हे एकदा ठरलं की तार आपोआप ठरते.

इथे एक खाच आहे. होम थिएटरचे बरेच रिसीव्हर लाल-पांढऱ्या तारेतून आलेली लाट आत घेऊन तिचे पुन्हा आकडे करतात, त्यावर आपले संस्कार करतात आणि मग परत लाट करतात. तुम्ही प्लेअरचा डॅक चांगला म्हणून ती तार लावलीत, आणि ऐकताय शेवटी रिसीव्हरचाच डॅक. रिसीव्हरवर 'डायरेक्ट' असं बटण असेल तर ते दाबून बघा.

ऑप्टिकल तार पहिल्यांदा लावणाऱ्यांची एक ठरलेली चूक असते. तिच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची इवलीशी टोपी असते. ती न काढता लोक जोर लावत बसतात. टोपी काढा. टोकाचे दोन कोपरे कापलेले दिसतील, ते सॉकेटशी जुळवा, 'टक्' झालं की बसली. दुसरं टोक तळहातासमोर धरा, लाल ठिपका दिसला की प्लेअर बोलतोय. तार काटकोनात मोडू नका, एवढंच पथ्य. कोॲक्सियल तार 75 ओहमची घ्या. मीटर-दोन मीटरसाठी साध्या तारेहून जास्त खर्च करणारा माणूस मला तरी अजून पटलेला नाही. तेवढ्या कष्टात स्पीकर भिंतीपासून थोडे पुढे ओढा, फरक कानाला लगेच कळेल.

डीव्हीडी प्लेअर जोडलात आणि साधी सीडी वाजतेय पण सिनेमा मुका आहे, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये जा. डिजिटल आउट 'बिटस्ट्रीम'वर असेल, म्हणजे सिनेमाचे आकडे डॉल्बी पद्धतीने आवळलेले तसेच पुढे जात असतील, आणि समोरच्या यंत्राला ते उलगडता येत नसतील. ते 'पीसीएम', म्हणजे सीडीसारखे उलगडलेले आकडे, असं करा. सुपर ऑडिओ सीडी म्हणून सीडीचीच एक वरच्या दर्जाची जात आहे, तिचा उच्च दर्जाचा थर तर ऑप्टिकलमधून बाहेर सोडतच नाहीत. त्याला एचडीएमआय लागते, नाहीतर सरळ लाल-पांढरी.

आणि ती घूं? गाणं थांबलं तरी स्पीकरमधून येणारी? ती बहुधा अर्थिंगची. दोन यंत्रं दोन वाटांनी अर्थला जोडली गेली की त्या फेऱ्यात मेन्सची गुणगुण शिरते. एकेक तार काढत जा, ज्या तारेला घूं थांबली तिच्यात चोर. केबल टीव्हीची तार आधी तपासा. ऑप्टिकलमध्ये तांबंच नसतं, म्हणून तिथून घूं येऊ शकत नाही. ॲम्प चालू ठेवून पिना उपटू मात्र नका. आरसीए पिनेत मधला दांडा आधी टेकतो आणि बाहेरचं कडं मागून, त्या मधल्या क्षणी जो दणका बसतो तो स्पीकर सोसतो.

मागून कुणीतरी विचारतंय, प्लेअरला फक्त हेडफोनचं भोक असेल तर? चालतं. एका बाजूला साडेतीन मिलिमीटरची पिन, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी, अशी तार मिळते. प्लेअरचा आवाज पाऊण ठेवा आणि पुढचं कमी-जास्त ॲम्पवर करा. उलटं केलंत, प्लेअर बारीक आणि ॲम्प मोठा, तर गाण्याआधी खरखरच ऐकू येईल. आणि प्लेअरवर 'बास बूस्ट'चं बटण असेल तर ते आधी बंद करा.