आधी चित्र, मग औषध की ऑपरेशन

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडची दवाखान्यांची सगळी ताकद कोरोनाकडे वळली. अपेंडिक्सचे रुग्ण मात्र येतच होते. ‘मनं पोट दुखी ऱ्हायनं’ म्हणत सातपुड्यातल्या पाड्यावरून एखादा तरुण आला, की सर्जनपुढे पेच पडायचा. ऑपरेशन करावं तर भीती होती. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोना झालेल्या 1,128 रुग्णांची एक आंतरराष्ट्रीय पाहणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली; त्यातले जवळपास 24 टक्के महिन्याभरात दगावले होते.

मग जगभर अँटिबायोटिकचा पर्याय पुढे आला. तो खरा आहे, पण सगळ्यांसाठी नाही. अपेंडिक्स फुटलंय का, पू साठलाय का, आत खडा अडकलाय का, हे नुसतं पोट दाबून खात्रीनं सांगता येत नाही. अमेरिकेत 1,552 प्रौढांवर झालेल्या अभ्यासात औषधांवर ठेवलेल्या दर दहांपैकी तिघांना तीन महिन्यांत ऑपरेशन लागलंच. खडा असलेल्यांत हे प्रमाण 41 टक्के, खडा नसलेल्यांत 25. हा फरक डोळ्यांनी दाखवतो तो सीटी स्कॅन.

आपल्याकडे सुरुवात सोनोग्राफीनं होते आणि ते योग्यच आहे. लहान मुलं आणि गरोदर बायांसाठी तर आधी तीच, कारण तिच्यात किरणोत्सर्ग नाही. दाबूनही न चेपणारी, सहा मिलिमीटरपेक्षा जाड अपेंडिक्सची नळी दिसली, की संशय बळावतो. पण आतड्यातल्या वायूमुळे किंवा पोटावरच्या चरबीमुळे कधी अपेंडिक्स दिसतच नाही. ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘आजार नाही’ असा रिपोर्टचा अर्थ कृपा करून लावू नका. दुखणं चालूच असेल तर सीटीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

त्या काळात आणखी एक गोष्ट घडली. पोटाच्या सीटीत फुप्फुसांचा खालचा भागही येतो. खोकला नसलेल्या काही रुग्णांत कोरोनाच्या खुणा तिथेच पहिल्यांदा दिसल्या, आणि भूल देण्याआधी डॉक्टर सावध झाले.

बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, सोबत उलटी किंवा ताप असेल, तर वायगोळा समजून पोट चोळू नका, एरंडेल पाजू नका. घरची वेदनाशामक गोळी देऊन रात्र काढू नका. थेट सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात जा. डॉक्टरांनी औषधांवर ठेवलं, तर फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा. पुन्हा दुखलं तर त्याच दिवशी, तीच फिल्म घेऊन, सर्जनकडे जा.